कडुलिंबाचा झेल

सहा वर्षे मी आंजीला फार गोड चहा प्यायलो. माझ्या मुलीचे सासर आंजी (मोठी) येथे आहे, आणि तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या व्याह्यांच्या, घरी चहात साखर सढळ हाताने घालतात. मला तो चहा घोटाघोटाला जड जात असे. पण मुलीच्या बापाने तिच्या सासरी आपली आवडनिवड सांगायची नसते, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही आणि तरी प्रत्येकाला येत असते. मी कप रिकामा करून खाली ठेवी, आणि व्याही लगेच म्हणत, "सर, अजून अर्धा?" मी तोही घेई.

हे एका क्रिकेट सामन्यामुळे थांबले. तो सामना कोणत्याही वर्तमानपत्रात आला नाही, आणि येण्यासारखे त्यात काही होते असे आमच्या दोन गावांबाहेर कोणाला वाटणार नाही. तरीही तो लिहून ठेवावा असे वाटते. लिहिण्याची मला सवय नाही. निवृत्तीनंतर हा नाद लागला आहे, त्यामुळे हात अजून बसलेला नाही.

क्रिकेटही मी उशिराच शिकलो, आणि तेसुद्धा पंच म्हणून. शाळेत असताना मला संघात घेतले तर बारावा म्हणून घेत. चेंडू आपल्याकडे येऊ नये अशी मनोमन इच्छा करणारा क्षेत्ररक्षक कोणाला हवा असतो? पण रेडिओवरचे समालोचन मी कान लावून ऐकत असे, आणि पुढे वर्ध्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागल्यावर मी एक वही सुरू केली. विद्यार्थ्यांच्या वहीत वाळलेली पाने चिकटवलेली असतात. माझ्या वहीत वर्तमानपत्रांची कात्रणे होती. विषय एकच: वादग्रस्त ठरलेले पंचांचे निर्णय आणि अर्ध्यावर सोडून दिलेले सामने. मला स्वतःला आयुष्यात एकदाही धड भांडता आले नाही, त्यामुळे असेल कदाचित, पण इतरांची नियमात बसवलेली भांडणे वाचायला मला फार आवडे.

त्या वहीत बरेच काही होते. शेजारच्या देशात एका मर्यादित षटकांच्या सामन्यात आपला विजय हाताशी आला असताना उसळते चेंडू लागोपाठ डोक्यावरून जात राहिले, पंचांनी एकही वाइड दिला नाही, आणि आपल्या कर्णधाराने फलंदाजांना परत बोलावून सामनाच सोडून दिला. ऑस्ट्रेलियात आपल्या कर्णधाराला पायचीत दिले तेव्हा तो रागाने जोडीदारालाही सोबत घेऊन निघाला होता. सीमारेषेशी संघाच्या व्यवस्थापकांनी जोडीदाराला थोपवले म्हणून ती कसोटी वाचली, आणि पुढे आपण ती जिंकलोही. मुंबईच्या एका कसोटीत पंचांनी पाहुण्या फलंदाजाला झेलबाद दिले असताना आपल्या कर्णधाराने त्याला परत बोलावले. त्याने मोठी भागीदारी रचली आणि आपण हरलो. आणि सर्वांत जास्त पाने घेतली होती ती इंग्लंडमधल्या त्या कसोटीने, जिथे चेंडूशी छेडछाड केल्याचा ठपका आल्यावर पाहुणा संघ चहापानानंतर वेळेवर मैदानात उतरलाच नाही. पंच उतरले, वाट पाहिली, यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या, आणि सामना गमावल्याचे जाहीर झाले. काही वर्षांनी तो निकाल अनिर्णित असा बदलला गेला, आणि नंतर पुन्हा होता तसा केला गेला. प्रत्येक वेळी मी कात्रण चिकटवले. समासात कधी "पंच चुकले", तर कधी "पंच बरोबर" असे पेन्सिलीने लिहिले. आरामखुर्चीत बसून हे लिहायला काही लागत नाही.

पंचावन्नाव्या वर्षी मी पंचांच्या परीक्षेला बसलो आणि उत्तीर्ण झालो. नियमांचे पुस्तक मला जवळजवळ पाठ होते. प्रयोगशाळेतला माझा पांढरा कोट पंचाचा कोट म्हणून चालून गेला, आणि चेंडू मोजायला मी खिशात सहा चिंचोके ठेवू लागलो. आश्चर्य असे की मैदानात उभे राहिल्यावर माझा संकोच कमी होई. तिथे मला बोलावे लागत नसे. विचारणारे दुसरे असत, आणि उत्तर बोटाने देता येई.

मी राहतो वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला. आमच्या वस्तीतल्या चाळिशी ओलांडलेल्यांचा एक संघ आहे आणि आंजीचाही तसाच एक. दर संक्रांतीच्या आगेमागे त्यांचा एक सामना होतो, एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. सामन्याची पद्धत अशी की मुख्य पंच यजमान गावाचा असायचा, आणि स्क्वेअर लेगला फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी उभा राहायचा. साहजिकच दरवर्षी कुरकुर व्हायची. चार वर्षांपूर्वी सामना आंजीला होता, तेव्हा दोन्ही बाजूंनी ठरवले की मुख्य पंच मी असावे. राहणारा सिंदी मेघेचा, मुलगी दिलेली आंजीला, दोन्हीकडचा माणूस. आंजीचे कर्णधार माझे व्याहीच होते. त्यांची शेती आहे, गावात बी-बियाण्यांचे दुकान आहे, आवाज असा की दुकानात बोलले तर बसथांब्यावर ऐकू यावे. ते मला "सर" म्हणत आणि मी त्यांना "भाऊ". व्याही या शब्दाने आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नव्हती.

त्या रविवारी मला आणखी एक कारण होते. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्या दीड वर्षाच्या नातीचे बोरन्हाण होते. सामना आटोपला की सगळ्यांनी व्याह्यांच्याच घरी जायचे होते. मी सकाळच्या एसटीने गेलो. पिशवीत कोट, नियमांचे पुस्तक आणि नातीसाठी हलव्याचे दागिने होते.

आंजीचे मैदान म्हणजे गावाबाहेरचे गायरान. चुन्याने सीमारेषा आखलेली होती. एका अंगाला तुरीचे शेत आहे आणि त्याच अंगाला, रेषेच्या आत दहाबारा पावलांवर, एक जुना कडुलिंब उभा आहे. झाड रेषेबाहेर ठेवायचे म्हटले तर त्या बाजूची सीमा खेळपट्टीच्या अगदी जवळ येते, म्हणून चुन्याची रेषा त्याला वळसा घालून मागून नेलेली आहे. तीस वर्षे मी झाडे शिकवली. त्या दिवशी मैदानात शिरताच मी त्या झाडाचा घेर, फांद्यांची ठेवण, पिवळी पडू लागलेली पाने, सर्व पाहिले. फक्त पंचाने जे पाहायचे असते ते पाहिले नाही, किंवा पाहूनही बोललो नाही.

नाणेफेकीपूर्वी पंचाने दोन्ही कर्णधारांशी काही गोष्टी पक्क्या करायच्या असतात. मी त्या एका कागदावर लिहून आणल्या होत्या. पहिली: षटके किती. दुसरी: घड्याळ कोणाचे. तिसरी: मैदानातील अडथळे, झाड वगैरे. चेंडू त्यांना लागला तर काय, हे आधी ठरवावे लागते. न ठरवल्यास झाड मैदानाचाच भाग. इंग्लंडमधल्या एका जुन्या मैदानात सीमेच्या आत असेच एक झाड होते आणि त्याला चेंडू लागला की चार धावा देत, हेही माझ्या वहीत होते.

षटके वीस ठरली. घड्याळ माझे ठरले. मी कागदावरून नजर उचलली, तेवढ्यात सिंदी मेघेचे कर्णधार म्हणाले, "सर, व्याही समोर हाय आज. बोट वर जाईन ना तुमचं?" हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे आणि बोलायला तिखट.

"अबे, सर म्हंजे तराजू हाय तराजू," व्याही म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "सर, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. तुमच्यासारख्या शिकल्या मानसाले आमी का सांगाचं?"

मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तिसरी गोष्ट विचारली असती तर व्याही म्हणाले असते, सांगितलं ना तुमच्या मनासारखं. त्यांनी एवढा मान दिल्यावर पुन्हा प्रश्न विचारणे मला चहा नाकारण्यासारखे वाटले. नाणे उडवले. सिंदी मेघेने आधी फलंदाजी घेतली.

सामना छान झाला. सिंदी मेघेने एकशे अठ्ठावीस केल्या. आंजीचे पहिले चार लवकर गेले, आणि मग व्याही उतरले. वय बासष्ट, पोट पुढे, धावताना एक हात पोटावर. पण मनगटात जोर होता. मैदानाकाठी बसलेले निम्मे गाव प्रत्येक फटक्याला उभे राहत होते. नऊ चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या, तेव्हा व्याह्यांनी एक आखूड चेंडू तुरीच्या दिशेने उंच उचलला.

चेंडू कडुलिंबात शिरला. पाने सळसळली. वरच्या फांदीला लागून तो खालच्या फांद्यांतून ठेचकाळत आला आणि झाडाखाली उभ्या असलेल्या सिंदी मेघेच्या क्षेत्ररक्षकाच्या ओंजळीत पडला.

"चौका!" व्याह्यांनी बॅट उंचावली. गाव ओरडले, "चौका!"

"हाऊज दॅट!" सिंदी मेघेचे अकराच्या अकरा ओरडले.

माझे बोट वर गेले. विचार करून गेले असे म्हणवत नाही, पुस्तकाने उचलले. अडथळा आधी ठरवलेला नव्हता, चेंडू जमिनीला लागला नव्हता. झेल. बाद.

व्याही खेळपट्टीवरून चालत माझ्याकडे आले.

"सर, लिंबाले लागला."

"हो, मी पाहिलं."

"मंग?"

"झाड मैदानाच्या आत आहे, भाऊ. त्याला लागून आलेला झेल धरतात."

"लिंबाले लागला का चौका. माह्या बापापासून हाय इथं. गावातलं पोट्टंबी सांगन."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी विचारलं काऊन नाई?"

उत्तर माझ्या खिशात होते, पण ते बाहेर काढायचे धैर्य झाले नाही. व्याह्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, बॅट खांद्यावर टाकली आणि चालू लागले. पण ते त्यांचा संघ बसला होता त्या सतरंजीकडे गेले नाहीत. सरळ कडुलिंबाखाली गेले आणि बुंध्याला टेकून मांडी घालून बसले. त्यांचा जोडीदारही मागोमाग गेला. मग सतरंजीवरचे उरलेलेही उठले आणि झाडाखाली जाऊन बसले. स्क्वेअर लेगचा पंच आंजीचाच, तोही गेला.

"आमी खेळत नाई," व्याह्यांचा आवाज आला. "जवापर्यंत लिंबाचा चौका भेटत नाई, तवापर्यंत नाई."

सिंदी मेघेचे खेळाडू खेळपट्टीभोवती बसले. त्यांचे कर्णधार माझ्याजवळ आले.

"सर, बेल्स उचला. टीव्हीवर पायलं नाई का? आले नाई का उचलाच्या, मॅच आपली."

"थोडं थांबू."

"थांबा. पन नियम हाय ना?"

नियम होता, आणि तो मला त्या मैदानातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होता. संघ खेळायला नकार देत असेल तर पंचाने आधी कारण समजून घ्यायचे, मग कर्णधाराला तसे बजावायचे, आणि तरी ऐकले नाही तर सामना दुसऱ्या बाजूला द्यायचा. मी यष्ट्यांजवळ उभा राहिलो. दोन बेल्स, बोटभर लांबीचे लाकडाचे तुकडे. त्या इंग्लंडच्या पंचांबद्दल मी समासात काय लिहिले होते ते मला आठवले: "बरोबर. दुसरा मार्ग नव्हता." त्यांची मुलगी पाहुण्या संघाच्या कर्णधाराच्या घरी दिलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायचे कारण नव्हते.

मी बेल्स उचलल्या तर संध्याकाळी पाच वाजता मी त्या घरात कसा शिरणार होतो? आणि माझे एक वेळ राहू द्या. मी साडेसहाच्या एसटीने परत जाणार, मुलीला तिथेच राहायचे होते. कोणी तिला टाकून बोलले नसते, ती माणसे तशी नाहीत. पण "तुझ्या बाबांनी" अशी सुरुवात असलेले एक वाक्य त्या घरात वर्षानुवर्षे राहिले असते. आणि मी निर्णय फिरवला असता तर? मग सिंदी मेघेत कोणी मला पंच म्हटले नसते, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला म्हटले नसते. निर्णय नियमाने बरोबर होता.

मी झाडाकडे पाहत होतो. त्याच्या मागे चुन्याची पांढरी रेषा दिसत होती, व्याह्यांच्या पाठीमागे दहाबारा पावलांवर. आणि मला एकाएकी जाणवले की व्याही अजून मैदानातच आहेत. रागाच्या भरात ते रेषेबाहेर जायचे सोडून रेषेच्या आतल्या झाडाखाली बसले होते. बाद दिलेला फलंदाज मैदान सोडून जाईपर्यंत विरुद्ध कर्णधाराला, पंचाच्या संमतीने, अपील मागे घेता येते. मुंबईत तेच झाले होते.

मी सिंदी मेघेच्या कर्णधारांकडे गेलो.

"फलंदाज अजून मैदानाबाहेर गेलेला नाही. अपील मागे घेता येतं."

त्यांनी डोळे बारीक केले. "हे तुमी सांगून राह्यले, का मागून राह्यले?"

"दोन्ही नाही. नियम काय आहे तेवढं सांगतो."

"तुमी वकील व्हाले पायजे होतं, सर." मग ते टोपी काढून डोके खाजवत बसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "दोन सालामांगं मलेबी या लिंबाचा चौका भेटलता. खोटं काऊन बोलू. पन तवा अंपायर यायच्या गावचाच होता." मग आपल्या संघाकडे पाहिले. "मले इचार करू द्या. मीनं घेतला मांगं आन हारलो, तं आमचे पोट्टे मले गाडीत नाई बसू देनार."

त्यांचे "पोट्टे" चाळिशीच्या पुढचे होते. मी त्यांना विचार करायला सोडून कडुलिंबाकडे निघालो.

तेवढ्यात गावाकडून माझी मुलगी आली. हातात चहाची किटली, दुसऱ्या हाताला पिशवीत कप आणि सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा. सामना संपला की दोन्ही संघांना यजमानांच्या घरून चहा आणि खायला द्यायची रीत आहे. तिने झाडाखाली बसलेला संघ पाहिला, खेळपट्टीवर बसलेला संघ पाहिला आणि मधून चालत येणारा मी पाहिला. लहानपणापासून ती माझ्या चेहऱ्यावरून सगळे ओळखते.

मी व्याह्यांच्या समोर जमिनीवर बसलो. पंचाने असे बसावे का, हे पुस्तकात नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "चूक माझी आहे." खिशातला कागद काढून मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा नसल्यामुळे तो लांब धरून वाचला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले.

"झाड वगैरे," त्यांनी मोठ्याने वाचले. "म्हंजे तुमी हे घरून लिवून आनलतं?"

"हो."

"आन विचारलं नाई?"

"तुम्ही म्हणालात, तुमच्या मनासारखं करा."

"अवो, ते मी मान म्हून म्हनलो! तुमाले लिंबाचं मालूमच असन असं वाटलं मले. झाडाचे मास्तर तुमी. आन शिकल्या मानसाले मी कसा सांगू का सर, आमच्या इथं असं असते? मलेच वंगाळ वाटलं असतं."

"आणि मला विचारायला तसंच वाटलं."

"म्हंजे मी सांगतलं नाई म्हून तुमी विचारलं नाई, आन तुमी विचारलं नाई म्हून मी सांगतलं नाई?"

"सहा वर्षं असंच चाललंय, भाऊ."

हे माझ्या तोंडून कसे निघाले मला माहीत नाही. झाडाखालचा सगळा संघ ऐकत होता. माझ्या मुलीने किटली खाली ठेवली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "अजून एक सांगू का? आपल्या घरचा चहा बाबांना गोडमिट्ट लागतो. लग्नापासून. नाक दाबून पितात. मी म्हटलं सांगते, तर मलाही सांगू देत नाहीत."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. इतका आश्चर्याचा चेहरा त्यांनी माझ्या बोटाकडे पाहतानाही केला नव्हता.

"अन मी अजून अर्धा, अजून अर्धा करत राह्यलो!"

"हो."

"सहा वर्सं?"

"हो."

आधी स्क्वेअर लेगचा पंच हसला, मग जोडीदार, आणि मग व्याही स्वतः. त्यांचे हसणे त्यांच्या बोलण्यापेक्षाही मोठे आहे; तुरीतून दोन पाखरे उडाली. पण हसून झाल्यावर ते गंभीर झाले.

"आता खरं सांगा. पुस्तकापरमानं आउट बरोबर हाय का नाई?"

"बरोबर आहे."

"आन तुमी लिंबाचं विचारलं असतं तर?"

"तर चार धावा."

"म्हंजे तुमचं बोट बरोबर, पन तोंड चुकलं."

"तसंच."

मी त्यांना सांगायला तोंड उघडले की अपील मागे घेण्याची एक वाट आहे आणि पलीकडे त्यावर विचार चालू आहे. त्यांनी हाताने थांबवले आणि बुंध्याला धरून उठले. "मले वाटलं, तुमी आमाले गावंढळ समजून गावचा कायदा मोडला. त्याचा राग होता. चुकून झालं, तर झालं. मानूस चुकते." बॅट काखेत मारली, आणि मागे वळून ते लांब ढांगा टाकत चुन्याच्या रेषेपलीकडे जाऊन उभे राहिले. "घ्या! गेलो. आउट तर आउट. पाठवा बे पुढच्याले!"

त्याच क्षणी मागून धावण्याचा आवाज आला. सिंदी मेघेचे कर्णधार टोपी हातात घेऊन अर्ध्या मैदानातून पळत येत होते. "सर, सर! घेतलं मांगं! अपील घेतलं मांगं! खेळू द्या त्यायले!"

मी व्याह्यांकडे पाहिले. त्यांचे दोन्ही पाय रेषेबाहेर होते.

"आता नाही घेता येणार," मी म्हणालो. "ते मैदानाबाहेर गेले."

"बाप्पा! आताच गेले ना! मी येतच होतो!"

"पुस्तकात तसंच आहे."

"जाळा ते पुस्तक," कर्णधार धापा टाकत म्हणाले. पण पलीकडे व्याही पुन्हा हसू लागले होते. "राहू दे बे," ते ओरडले. "तू आला, हेच लय झालं. चहा पेऊन घे, मंग बॉलिंग कर."

सामना पुढे सुरू झाला. उरलेल्या आठ चेंडूंत आंजीने पाच धावा केल्या आणि ते तीन धावांनी हरले. कडुलिंबाचे चार मिळाले असते तर जिंकले असते. हा हिशेब मैदानावरच्या प्रत्येकाने मनात केला आणि व्याह्यांनी तोंडाने केला.

संध्याकाळी नातीला पाटावर बसवले. हलव्याचे दागिने तिने अर्धे अंगावर घातले आणि अर्धे खाल्ले. डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे करवे पडू लागले तशी गल्लीतली मुले वेचायला धावली, आणि तिला कळेना की हसावे की रडावे. सिंदी मेघेचा सगळा संघ ओसरीत बसला होता. चहा आला. विहीणबाईंनी माझ्या हातात वेगळा कप दिला. चहा आता जवळजवळ कडू होता. साखर घातलीच नव्हती. मला खरे तर अर्धा चमचा चालला असता.

मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "थोडी साखर मिळेल का?"

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "शिकला! व्याही शिकला!" हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला.

त्या रात्री घरी परतल्यावर मी जुनी वही काढली. समासातली "पंच चुकले" आणि "पंच बरोबर" ही शेरेबाजी मी खोडली नाही. ती लिहिणारा माणूस तेव्हा तसाच होता. पण त्या नावाजलेल्या भांडणांतही कोणाचेतरी नाणेफेकीपूर्वी काही विचारायचे राहून गेले असेल का, कोणी मानापोटी सांगायचे टाळले असेल का, असे मला पहिल्यांदाच वाटले. ते कात्रणांत येत नाही.

त्यानंतर आणखी दोनदा आंजीला सामना झाला, आणि दोन्ही वेळा पंच मीच होतो. गेल्या खेपेला नाणेफेकीच्या वेळी मी कागद काढला तेव्हा दोन्ही कर्णधार कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. षटके, घड्याळ झाले. मग मी कोटाचे बटण लावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "कडुलिंबाला चेंडू लागला तर?"

"चौका," व्याही म्हणाले. त्यांनी उत्तर द्यायला घसाही साफ केला होता.

"विजेच्या खांबाला लागला तर?"

"चौका."

"मैदानात म्हैस आली तर?"

"आपली असन तर डेड बॉल, सिंदीची असन तर चौका," व्याही म्हणाले.

"सर, हे लिवून घ्या, नाईतर मी खेळत नाई," सिंदी मेघेचे कर्णधार म्हणाले.

मी लिहून घेतले: डेड बॉल, म्हैस कोणाचीही असो. दोघांनी मान डोलावली. "अजून काई, व्याही?" माझ्या व्याह्यांनी विचारले.

मी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात काही राहिलेले नव्हते. तरीही मी विचारले, "चहा किती वाजता?" आणि मग नाणे उडवले.